गच्चीवरून ऐकलेला पुरिया

सासूचं गाणं चालू असताना सुनेनं तंबोरा खाली ठेवला आणि उठून गेली, ही बातमी लक्ष्मी गेटपासून छावणीपर्यंतच्या सगळ्या मराठी घरांत दुसऱ्या दिवशीच्या चहाआधी पोचली. तशी झाशीत मराठी घरं आता राहिलीत तरी किती? त्यातली गाणं कळणारी हाताच्या बोटांवर, बाकीची प्रसादापुरती. पण बातमी कळायला गाणं कळावं लागत नाही.

घडलं ते असं. अनुसूयाबाई दरवर्षी दत्तजयंतीला देवळात गातात. यंदा एकतिसावं वर्ष. दत्ताचा जन्म सांजेचा, म्हणून गाणंही सांजेच्या रागाचं. आणि या घराची रीत अशी, की सासू गाते तेव्हा सून मागे तंबोरा घेऊन बसते. अनुसूयाबाई स्वतः आपल्या सासूमागे बारा वर्षं बसल्या. त्या बारा वर्षांत त्यांना ताप आला, डोहाळे लागले, एकदा हातावर तळणीचं तेल उडालं, पण गाण्याच्या मध्ये तंबोरा जमिनीला टेकला नाही. हे त्या आपल्या तोंडानं कधी सांगत नसत. गोविंदराव सांगत. गोविंदराव म्हणजे त्यांचे तबलजी, रेल्वेतून रिटायर झालेले, आणि जिथं जातील तिथं बातमी पेरून येणारे.

मुग्धाच्या वाट्याला तंबोरा आला तो यंदाच. लग्नाच्या पहिल्या वर्षी तिनं ताप आल्याचं सांगितलं होतं. दुसऱ्या वर्षी ईशानी पोटात होती. यंदा ईशानी आठ महिन्यांची झालेली, कुणाच्याही मांडीवर राहणारी, आणि मुग्धापाशी सबब उरली नव्हती. तिनं पदर खोचला, भोपळा मांडीवर घेतला, दांडी खांद्याशी टेकवली. पहिलं बोट तारेवरून फिरलं तेव्हाच तिला कळलं की आपण बसायला नको होतं.

भोपळ्यातला नाद आधी मांडीच्या हाडात शिरला. तिथून कमरेत, आणि कमरेतून एकेका मणक्यावर पाय देत वर. तारांचा झणकारा फार सुरेख लागला होता, सगळे माना डोलवत होते, आणि तो तिच्या दाढांच्या मुळाशी बारीक वाळूसारखा खसखसत होता. तरी ती वाजवत राहिली. मग अनुसूयाबाईंनी पुरिया धरला. षड्जावर त्या फार थांबल्या नाहीत, पुरियात थांबतच नाहीत. खालच्या निषादावरून उठून त्या हळूच कोमल रिषभापाशी आल्या. "कौन दिसा अब दियना धरूँ," असे बोल होते बंदिशीचे, आणि 'दियना', म्हणजे दिवा, नेमका रिषभावर यायचा.

मुग्धाला झालं असं, की कुणीतरी दोन खांद्यांच्या मधोमध एक धागा चिमटीत धरला आहे आणि तो सावकाश बाहेर ओढतं आहे. दुखत नव्हतं. दुखलं असतं तर बरं झालं असतं, दुखणं माणूस दातओठ खाऊन काढतो. हे गोड होतं, आणि ते थांबत नव्हतं. श्वास वर गेला तो वरच राहिला. समया फार पिवळ्या दिसायला लागल्या. आणि तिसऱ्यांदा सासूबाई त्या रिषभावर आल्या, तेव्हा तिला पान्हा फुटला. लेक तिकडे खांबाशी कुणा मावशीच्या मांडीवर गाढ झोपलेली, आणि इकडे हिचा ब्लाउज भिजून ओल पोटापर्यंत उतरली. समोर चाळीस माणसं. बोट तारेवरून घसरलं. तिनं तंबोरा ठेवला, जितका हलकेच ठेवता येईल तितका, आणि मागच्या दारानं जाऊन विहिरीच्या कठड्याला धरून उभी राहिली.

पदराखालची ओल कुणी पाहिली नाही. खाली ठेवलेला तंबोरा सगळ्यांनी पाहिला. कुणाची तरी जाऊ पुढे झाली, तिनं तो उचलला, गाणं पार पडलं.

घरी येताना ई-रिक्शात अनुसूयाबाई एवढंच म्हणाल्या, "ईशूला टोपी घाल. वारं आहे."

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला मुग्धा जागी झाली ती शांततेनं. रोज या वेळी शेजारच्या खोलीतून खर्ज सुरू व्हायचा. आज कढईवर झारा आपटला, नळ वाजला, खाली दूधवाल्यानं मोटरसायकल बंद केली, पण त्या खोलीतून काही आलं नाही. ती उठून डोकावली. तंबोऱ्याला गवसणी चढली होती. लाल खारव्याची ती गवसणी एरवी प्रवासातच निघायची. तंबोरा कोपऱ्यात उभा होता, बुरखा घातलेल्या पाहुण्यासारखा.

"माई, आज बसला नाहीत?"

"घसा बसलाय," अनुसूयाबाई म्हणाल्या, खणखणीत आवाजात.

घसा चार दिवस बसला. सहा दिवस बसला. खालच्या मजल्यावरच्या मिश्रा अम्मांचा चहा त्या गाण्यावर ठरलेला असायचा, आलाप संपला की पातेलं गॅसवर. त्या जिन्यात गाठून म्हणाल्या, "काय बहू, माई काय नईं गा रईं? हमाओ तो दिनई नईं निकरत." मुग्धानं सांगितलं, गला खराब है. अम्मांनी तिच्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. बातमी खालच्या मजल्यावर पोचली होती तर.

सलील शनिवारी संध्याकाळी आला. तो ललितपूरला बँकेत, शनिवारी येतो, सोमवारी पहाटेच्या गाडीनं जातो. दीड दिवसात त्याला आई, बायको आणि लेक तिघींना पुरायचं असतं, त्यामुळे तो कुठल्याच भांडणात पूर्ण शिरत नाही.

"आईला लागलंय फार," ईशानीला पोटावर निजवून तो म्हणाला.

"मला दिसतंय."

"मग सॉरी म्हणून टाक ना, यार."

"म्हटलं. त्या म्हणाल्या, कशाबद्दल?"

सलील हसला. "हे बघ, मला भैरव काय आणि भीमपलास काय, दोन्ही सारखेच. पण मी उठून जात नाही. बसतो, मोबाईल बघतो, मध्येच वा म्हणतो. तुला नाही आवडत तर नाही आवडत, पण बसायला काय जातं?"

"नाही आवडत असं कोण म्हणालं तुम्हाला?"

"आई म्हणते. म्हणते, मी तंबोरा काढला की ही बादली घेऊन गच्चीवर जाते. अडीच वर्षं. एक दिवस चुकलेला नाही."

ते खरं होतं.

ती वाढली छावणीत. वडील लष्कराच्या कचेरीत क्लार्क, क्वार्टर कडुनिंबाखाली, आणि तिथल्या रस्त्यांवर दुपारी पान पडलं तरी ऐकू यावं इतकी शांतता. लांब मैदानावर बँडचा सराव चालायचा, तो अर्धा मैल चालून तिच्यापर्यंत यायचा आणि येता येता मऊ व्हायचा. तो तिला फार आवडे. नऊ वर्षांची असताना वडील तिला ग्वाल्हेरला मैफिलीला घेऊन गेले, पुढच्याच रांगेत बसवलं. गवयांनी वरच्या षड्जाला हात घातला आणि मुग्धानं सतरंजीवर ओकारी केली. वडिलांनी तिला उचलून बाहेर नेलं, सगळ्यांना सांगितलं, "कचोरी बाधली." नंतर कानाच्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी कानाला यंत्र लावून टुकटुक ऐकवलं आणि म्हणाले, "बहुत बढ़िया कान हैं बिटिया के." विषय मिटला. तेव्हापासून ती गाण्याच्या ठिकाणी डोकं दुखतं म्हणायची. आवाजाचं तिला काही नव्हतं. वरातीचा डीजे, कुकर, ई-रिक्शांचे भोंगे, हे कानाला ओरबाडतात आणि जातात. गाणं जात नाही. ते आत येऊन बसतं आणि आतलं काहीतरी हलवतं, आणि ते काय, हे तिला आजवर कुणाला सांगता आलं नव्हतं. लग्न ठरताना आईनं तिकडे सांगून टाकलं, "गाण्याची आवड आहे हो तिला." तेही खोटं नव्हतं.

सासरी आल्यावर पहिले आठ दिवस ती पहाटे मोरीत बादलीखाली नळ पूर्ण सोडून बसायची. मग एकदा कपडे वाळत घालायला गच्चीवर गेली आणि तिथं तिला ती जागा सापडली. मध्ये तीन भिंती, एक जिना, वर मोकळं आभाळ. खालून माईंचा आवाज येत होता, छावणीतल्या बँडसारखा चालत, दमत, मऊ होत. अंगावर काटा आला, पण श्वास चालू राहिला. त्या दिवसापासून ती रोज वर जायची. ओले कपडे नसले तर धुतलेलेच पुन्हा पिळायची. सा कुठला आणि रिषभ कुठला, हे तिला माईंच्या पलट्यांतूनच पाठ झालं. सकाळचा तोडी, संध्याकाळचा पुरिया. दोन्ही वेळा ती दोरीपाशी एकटी उभी, आणि खाली ती बाई एकटी गात.

हे सांगायला काय हरकत होती? हरकत अशी नव्हती. पण मैफिलीतून ओकारी करत बाहेर नेलेल्या मुलीला एक गोष्ट पक्की कळलेली असते, की लोक कचोरीवर विश्वास ठेवतात.

पुढच्या बुधवारी गोविंदराव आले. चहा बशीत ओतून म्हणाले, "मग वहिनी, ठरलं ना? समथरच्या विद्याला कळवतो मी."

"कळवा," अनुसूयाबाई म्हणाल्या.

"काय ठरलं?" मुग्धानं विचारलं.

गोविंदरावांनी बशीवरून नजर उचलली. "विद्या समथरला शाळेत गाणं शिकवते. पोरींना पेटीवर शिकवते बिचारी, तंबोरा कुठला? वहिनी म्हणाल्या, इथं नुसता उभा आहे तो तिकडे वाजेल तरी. येत्या शुक्रवारी येऊन घेऊन जाईल."

मुग्धानं कप खाली ठेवला. "माई, तंबोरा देणार तुम्ही?"

"वाद्य नुसतं उभं राहिलं की बिघडतं. माणसासारखं." अनुसूयाबाईंनी ईशानीचं लाळेरं नीट केलं. "आणि मी काय आता कायम गाणार आहे का? एकसष्ट झाली. लोक कंटाळतात. घरातलेच कंटाळतात, तर बाहेरच्यांचं काय सांगायचं."

गोविंदराव चहा संपवायला विसरून निघाले. जिना उतरताना त्यांनी मिश्रा अम्मांना हाक मारली, तेव्हा तीही बातमी मार्गी लागली.

त्या दुपारी दोघी मटार सोलत बसल्या. थंडीच्या दिवसांत झाशीत मटार पाच-पाच किलो येतो आणि सोलता सोलता घरातली सगळी भांडणं उरकतात. मुग्धानं मनाशी चार वेळा वाक्य जुळवलं.

"माई, त्या दिवशी मी कंटाळून उठले नव्हते."

"बरं."

"मला त्रास होत होता."

"माझ्या गाण्याचा?"

"हो. म्हणजे तसा नाही. चांगलं होतं म्हणून."

अनुसूयाबाईंनी एक शेंग उघडली, आतली अळी पाहून बाजूला टाकली. "चांगल्याचा त्रास होतो होय? मग बरं झालं, आता सुखात राहशील."

"माई, मला सांगता येत नाहीये."

"नको सांगूस. कोडगं होऊन तोंडावर बोलणारी माणसं मी पाहिली आहेत, तू तशी नाहीस. तू बादली घेतेस आणि वर जातेस. तेही सांगणंच झालं की."

टपटप दाणे पडत राहिले. मुग्धाला वाटलं, माईंचा हात धरावा. पण त्या घरात असे हात धरत नाहीत. जेवायला वाढतात, टोपी घालायला सांगतात.

गुरुवारी ती सवयीनं गच्चीवर गेली. धुकं होतं, किल्ल्याची बाजू पुसून गेली होती. खालून भोंगे आले, कुठल्याशा देवळाच्या कर्ण्यावरची आरती आली, कुणीतरी पोराला शाळेसाठी मारत उठवत होतं तेही आलं. ती दोरीपाशी उभी राहून वाट पाहत राहिली, आणि आपण वाट पाहतो आहोत हे कळल्यावर तिला एकदम रडू आलं. अडीच वर्षं तिला वाटत होतं, की आपण एक मोठी गोष्ट चुकवत जगतो आहोत. आता ती गोष्टच बंद पडली होती आणि तहान मात्र तशीच होती. उद्या तंबोरा गेला की ही बाई पुन्हा गाणार नाही. आणि ती का गात नाही, याचं उत्तर जन्मभर मुग्धाच्या नावावर राहणार.

शुक्रवारी अकराच्या सुमाराला गोविंदराव विद्याला घेऊन आले. विद्या पस्तिशीची, शाल घट्ट लपेटलेली, बसच्या धुळीनं भुवया पांढऱ्या झालेल्या. मराठी समजायचं, बोलताना हिंदीवर घसरायची. "मावशी, मैं सच में संभालून ठेवीन," ती दोनदा म्हणाली.

अनुसूयाबाईंनी गवसणी काढली. "मुका तंबोरा देऊ नये," त्या म्हणाल्या. "आमच्या सासूबाई म्हणायच्या, दुसऱ्याच्या घरी पाठवायचा तर लावून, दोन सूर त्याच्यावर गाऊन पाठवावा. बसा."

त्यांनी खुंट्या पिळल्या, मणी सरकवले. मुग्धा स्वयंपाकघरात होती, कडेवर ईशानी. खुंटी कुरकुरली तसं तिच्या मानेवरचं केस न् केस उभा राहिला. समोर जिन्याचं दार होतं. तीन भिंती आणि वर आभाळ. तिनं दाराकडे पाहिलं आणि मग बाहेरच्या खोलीत गेली. ईशानीला गोविंदरावांच्या मांडीवर दिलं, आणि माईंच्या समोर, दोन हातांवर जाऊन बसली.

अनुसूयाबाईंनी तिच्याकडे पाहिलं नाही. डोळे मिटले आणि तोडी धरला. दोन सूर गायचे होते, पण तेरा दिवसांचा उपाशी गळा दोनावर कुठला थांबायला? गंधार आला. तोडीचा तो उतरलेला, आतल्या आत हलणारा गंधार दोन हातांवरून सरळ आला, मध्ये एकही भिंत नाही. मुग्धानं या खेपेला काही झाकलं नाही. हात मांडीवर उताणे ठेवले. मनगटापासून कोपरापर्यंत काटा उभा राहिला. हनुवटी थडथडायला लागली, डोळ्यांतून पाणी गळायला लागलं, पोटातून उमासा आला तो तिनं गिळला, दुसरा आला तो गिळता आला नाही. पदर तोंडाशी धरून ती कमरेत वाकली, पण उठली नाही.

"अहो, बहूला काय होतंय बघा," गोविंदराव म्हणाले.

अनुसूयाबाईंनी डोळे उघडले. गाणं थांबलं. तारा मात्र आपल्या आपण थोडा वेळ वाजत राहिल्या.

"मुग्धा. काय होतंय तुला?"

"हेच होतं," मुग्धा म्हणाली. दातावर दात आपटत होते. "त्या दिवशी देवळातही हेच झालं. लहानपणापासून होतं. कचोरी नव्हती बाधली."

"कसली कचोरी?"

"काही नाही. माई, मी पळून नव्हते जात गच्चीवर. तिथून मला ऐकता येतं. इथं बसून नाही येत, इथं फार जवळ येतं. वरून रोज ऐकते मी. दोन्ही वेळा."

अनुसूयाबाईंच्या चेहऱ्यावर विश्वास नव्हता. समजूत घालणाऱ्या माणसाकडे पाहावं तसं त्या पाहत होत्या. मुग्धानं तोंड पुसलं.

"दत्तजयंतीच्या आधी आठ दिवस तुम्ही पुरियाचा रिषभ खाली खाली आणत होतात. रोज थोडा. शनिवारी फार खाली गेला, तुम्हाला आवडला नाही, तुम्ही गाणं सोडून दिलंत आणि पोहे केलेत. रविवारी पुन्हा वर. मंगळवारी तो बसला. एकदाच बसला, 'दियना'वर, मग तुम्ही बराच वेळ गप्प होतात. मी कपडे दोरीवर तसेच टाकून खाली आले. मला पुढचं ऐकवेना. रात्रभर दव पडलं त्यांच्यावर, तुम्ही बोललात मला."

ईशानीनं गोविंदरावांचा चष्मा ओढला, तो त्यांनी ओढू दिला.

"बसला होता ना?" अनुसूयाबाईंनी विचारलं. आवाज अगदी लहान होता.

"हो. देवळात तीनदा आला, तिन्ही वेळा तिथंच."

"गोविंदराव, तुम्हाला कळलं होतं?"

"मी ठेका धरून होतो, वहिनी," गोविंदराव म्हणाले. "खोटं कशाला बोलू?"

अनुसूयाबाईंनी तंबोरा हळूच आडवा केला. "एकतीस वर्षं," त्या म्हणाल्या. "लोक म्हणतात छान झालं. प्रसाद घेतात आणि म्हणतात छान झालं. मला वाटायचं, तो रिषभ फक्त मलाच ऐकू येतो."

"मावशी, राहू दे ना मग," विद्या पुढे होऊन म्हणाली. "मी अशीच आले होते समजा."

"असं कसं? शब्द दिलाय, आणि लावूनही झाला. तुझ्या पोरी पेटीवर सूर शिकतायत, ते काही खरं नाही. घेऊन जा." त्यांनी गवसणीच्या नाड्या स्वतः बांधल्या, दोनदा सोडून पुन्हा बांधल्या. ई-रिक्शात तंबोऱ्याला सीटवर जागा मिळाली आणि गोविंदराव पुढे ड्रायव्हरच्या शेजारी अर्धे बाहेर बसले. गल्ली वळेपर्यंत दोघी खिडकीत उभ्या होत्या.

"मला समोर माणूस लागतं गं," अनुसूयाबाई खिडकीतून न वळता म्हणाल्या. "भिंतीसाठी गाता येत नाही. हे होते तेव्हा समोर बसायचे. झोपायचे, पण समोर झोपायचे. घोरता घोरता समेवर यायचे."

"मला नाही येणार, माई. समोर नाही बसता येणार."

"ते पाहिलं मी आज. देवळात कोण काय बोलेल ते बोलेल. पुढच्या वर्षी कुणाची तरी जाऊ धरेल तंबोरा. तुझ्याकडून होणार नाही, असं सांगेन मी."

हे त्यांनी मायेनंच म्हटलं होतं. तरी मुग्धाला ते कुठंतरी लागलं. आपल्याकडून होणार नाही, हे तिला नऊ वर्षांची असल्यापासून ठाऊक होतं, पण आज पहिल्यांदाच ते दुसऱ्या कुणाच्या तोंडून आलं, आणि खरं झालं.

शनिवारी पहाटे सहाला खर्ज सुरू झाला. तंबोरा नाही, काही नाही, नुसता गळा. मुग्धानं ईशानीला शालीत गुंडाळलं आणि जिन्यात आली. धुक्यात तिला घेऊन वर जाता येईना, म्हणून ती वरून चौथ्या पायरीवर भिंतीला टेकून बसली. खाली माईंच्या खोलीचं दार उघडं होतं. एरवी थंडी येते म्हणून ते कधी उघडं नसायचं. बसल्या जागेवरून तिला फक्त उंबरा दिसत होता आणि उंबऱ्यावर पडलेला दिव्याचा उजेड.

आधाराला तारा नसल्या की सूर उघडा पडतो. माई जपून जात होत्या, चार पावलं टाकून पुन्हा षड्जावर येत होत्या. पाव तास झाला असेल. मग एकदा परत आल्या तेव्हा षड्ज होता त्याच्या जरा खाली होता. पुढच्या खेपेला आणखी जरा. मिश्रा अम्मांच्या पातेल्याला ते कळलं नसतं. गोविंदरावांनाही नाही. मुग्धाला तो सरकताना पोटात जाणवला, जिना अंगाखालून किंचित कलल्यासारखा. ती थांबली. सासूच्या सुराला सुनेनं बोट लावायचं, तेही जिन्यातून?

"माई," ती म्हणाली. "षड्ज."

खाली आवाज थांबला.

"उतरला?"

"केसभर."

"मला कळलं होतं," अनुसूयाबाई फणकाऱ्यानं म्हणाल्या. खाकरल्या. पाण्याचा तांब्या वाजला. मग षड्ज आला, जिथं यायला हवा तिथं, अगदी तिथंच. दारातून निघाला आणि पायऱ्या चढत सरळ वर आला. मुग्धाच्या दोन्ही हातांवर काटा उभा राहिला, श्वास वर गेला. शालीतल्या ईशानीनं झोपेत ओठ हलवले.

मुग्धा लेकीला छातीशी घट्ट धरून दोन पायऱ्या वर सरकली, आणि तिथं बसून राहिली.